‘तळ्यावर दोन तास कशाला?’ महाड-रायगड सहलीच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

जेवणाबद्दल तुम्ही लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे. पहाटे पाचला पुण्यातून निघालेली सातवीची पोरं रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडला ताटावर बसली दुपारी तीनला. आदल्या रात्री खानावळीत फोन करून आकडा पक्का करायचा असतो, तो मी केला नाही. जेवणाचे पैसे शाळेकडे परत दिले आहेत, तिथून तुम्हाला मिळतील.

रायगड घाईत झाला, हेही मान्य. रविवार, त्यात रोपवेची रांग. बाजारपेठ आणि समाधी झाली, टकमक टोक राहून गेलं. आमच्या पत्रकावर ‘रायगड दर्शन’ ठळक आणि महाड खाली बारीक अक्षरात होतं, त्यामुळे सहल मुख्यतः रायगडाचीच, असा तुमचा समज झाला. पत्रक बदललंय.

पण ‘एका तळ्यावर दोन तास, तिथे बघण्यासारखं आहे काय?’ या महाडच्या चवदार तळ्याबद्दलच्या प्रश्नावर मात्र माझं ऐकून घ्या.

बघण्यासारखं खरंच फारसं नाही. बांधीव तळं, पायऱ्या, बाबासाहेबांचा पुतळा. गडावर मूल नुसतं मोकळं सोडलं तरी त्याला काहीतरी सापडतं. चवदार तळ्यावर कोणी सांगायला नसेल, तर दहा मिनिटांत फोटो काढून सगळी परत बसमध्ये. म्हणूनच तिथे वेळ जास्त ठेवतो. शिवाय त्या दोन तासांत, मनुस्मृती जाळली त्या जागेवरचा क्रांतिस्तंभही आला.

तुमच्या मुलीच्या गटात एकाने विचारलं, “ठराव झाला होता ना, मग अडवलं कोणी?” या एका प्रश्नावर अर्धा तास गेला, आणि तो जायलाच हवा होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केलं, पण कागदावर. गुरं पाणी पीत होती, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांची हिंमत होत नव्हती. २० मार्च १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतून लोक रांगेने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायलं. मग हे लोक गावातल्या वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरींनी तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. घागरींच्या आकड्यावर पोरं आधी हसली, मग गप्प झाली. हे मी बसच्या माइकवरून घाटातल्या वळणांवर सांगू?

‘मुलांसमोर जातीचा विषय नको होता,’ असंही तुम्ही लिहिलंय. तुमची काळजी मला कळते, कोणाचं मूल खाली मान घालून घरी यावं असं मलाही वाटत नाही. पण जात वगळून हे तळं सांगता येत नाही हो. आमचा गाइड साथ देणाऱ्या इतर समाजांतल्या माणसांची नावंही सांगतो. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस परिषदेच्या बाजूने उभे राहिले. तळ्यावर जायची सूचना अनंतराव चित्र्यांनी मांडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखानांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली तेव्हा बाबासाहेबांचे सहकारी सहस्रबुद्धे पुढे होते, आणि ते ब्राह्मण होते. त्या परिषदेनंतर बाबासाहेब रायगडावर गेले होते, म्हणून आमच्या सहलीत ही दोन ठिकाणं एकत्र आहेत. नुसतं वाटेवर पडतं म्हणून नव्हे.

तेव्हा तळ्याचा वेळ कमी करणार नाही. पुढच्या खेपेपासून सहल दोन दिवसांची, मुक्काम पाचाडला, गड दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आत. मुक्कामामुळे खर्च वाढेल, तो आकडा शाळेला आधीच लेखी कळवू. तुमच्या मुलीला टकमक टोक बघायचं असेल, तर जानेवारीच्या बसमध्ये तिची जागा माझ्याकडून. आणि पाठीमागच्या सीटवर एक लाल स्वेटर राहिलाय, तिचाच असेल तर ऑफिसातून घेऊन जा, संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं.