चमचाभर साबणात डायपर धुतले जात नाहीत

कापडी डायपर वापरणाऱ्या आईबाबांमध्ये एक निरोप सारखा फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: "डायपर बादलीत भिजत ठेवा. साबण चमचाभरच घाला, जास्त झाला तर कापडात साचतो आणि मग डायपर गळतात. गरम पाणी नको, इलॅस्टिक जातं. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घाला. तरी वास आलाच तर उकळा आणि दिवसभर कडक उन्हात टाका. फॅब्रिक कंडिशनर वापरू नका." सहा सूचना आहेत. त्यातल्या पाच चुकीच्या किंवा अर्धवट आहेत, आणि गंमत अशी की पहिल्या चार इमानेइतबारे पाळल्या की पाचवीची पाळी हमखास येते.

"साबण चमचाभरच घाला."

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. घरच्या धुण्यात डायपरइतकं मळकं कापड दुसरं नसतं. रात्रीच्या इन्सर्टमध्ये, म्हणजे डायपरच्या आतल्या शोषक पट्टीत, कापडाचे कितीतरी थर असतात आणि सकाळपर्यंत प्रत्येक थर लघवीनं गच्च भरलेला असतो. डिटर्जंटला इथे दोन कामं करायची असतात: मळ धाग्यापासून सोडवायचा आणि सुटलेला मळ पाण्यातच धरून ठेवायचा. डिटर्जंट अपुरं पडलं की सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसतो, फक्त आता सगळ्या डायपरवर सारखा वाटून. डोळ्यांना डायपर स्वच्छ दिसतात. नाकाला फसवता येत नाही.

मग साबण साचण्याची भीती आली कुठून? तिच्यात थोडं तथ्य आहे, पण ते खऱ्या साबणाबद्दल. तेल किंवा चरबीपासून केलेला साबण जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी मिळून चिकट, न विरघळणारा साका तयार करतो. आंघोळीच्या बादलीला आतून जो पांढुरका चिकट थर धरतो, तोच हा. तो कापडावर बसला की कापड खरंच पाणी झिडकारतं. कपड्यांची डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड मात्र असा साका करत नाही. खळबळताना फेस दिसत राहिला तर आणखी एकदा स्वच्छ पाण्यातून काढा. पुढच्या वेळी साबण कमी करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रमाण किती? पाकिटावर जास्त मळक्या कपड्यांसाठी जे माप दिलेलं असतं, तेच डायपरचं माप. 'बाळासाठी सौम्य' म्हणून मिळणारी लिक्विडं बहुतेक वेळा या कामाला कमी पडतात.

मशीनमध्ये धुणं दोनदा होतं. पॉकेट डायपरमधले (ज्यांच्या खिशात इन्सर्ट सरकवतात ते) इन्सर्ट बाहेर काढा, वेल्क्रोच्या पट्ट्या बंद करा, मग पहिली फेरी: थंड किंवा कोमट पाणी, साधारण अर्धा तास, निम्मं डिटर्जंट. हिचं काम एवढंच की लघवी आणि शी घेऊन ते घाण पाणी निघून जावं. दुसरी फेरी खरी: पूर्ण माप आणि मशीनमधला लांब प्रोग्रॅम. मधे झाकण उघडून भराव बघायला विसरू नका. ड्रम दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश भरलेला हवा, कारण कापडाला कापड घासल्याशिवाय मळ सुटत नाही. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये डायपर पाण्यात सुटे तरंगत असतील तर पाणी जास्त झालंय. भराव कमी वाटला तर बाळाचे लहान टॉवेल आणि झबली घाला. मोठी चादर घालू नका, ती डायपर आपल्यात गुंडाळून घेते.

हातानं धुणाऱ्यांसाठीही गणित तेच. आधी थंड पाण्यात खळबळून घट्ट पिळा. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात डिटर्जंट पूर्ण विरघळवून त्यात अर्धा तास ठेवा, चोळा, चुबका, पिळा. ते पाणी फेकून नव्या डिटर्जंटच्या पाण्यात हेच पुन्हा करा. शेवटी तीन पाण्यांतून काढा. बहुतेक जण दुसरं डिटर्जंटचं पाणी वगळतात, आणि महिन्याभरात वासाची तक्रार सुरू होते.

या वासाबद्दल थोडं. ताज्या लघवीला फारसा उग्र वास नसतो. तिच्यातल्या युरियाचं जीवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि त्याला वेळ लागतो. रात्रभराच्या डायपरला सकाळी वास येणं म्हणूनच नेहमीचं आहे. पण वाळलेला डायपर वासरहित, आणि बाळानं शू केल्या केल्या डोळ्यांत पाणी आणणारा भपकारा, असं असेल तर जुना मळ आणि जीवाणू धाग्यात मुक्काम करून आहेत. दुसऱ्या फेरीनंतर ओला इन्सर्ट मशीनमधून काढून नाकाशी धरा. डिटर्जंटचा हलका वास किंवा कसलाच वास नाही, तर काम झालंय. वाळल्यावर वास घेऊन उपयोग नाही, तेव्हा तो लपतो.

साबणाच्या हिशेबात पाणी धरायलाच हवं. पाण्याची जडता लिटरमागे साधारण 120 मिलिग्रॅमच्या वर गेली की बरंचसं डिटर्जंट मळाकडे पोचण्याआधी त्या क्षारांतच खर्च होतं. मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. नसतील तर पाणी उकळायच्या भांड्याच्या तळाशी पांढरी खपली धरते का ते बघा. अशा पाण्यात चमचाभर साबण म्हणजे जवळपास काहीच नाही. माप वाढवा, नाहीतर सोडियम सायट्रेट किंवा बोरॅक्स असलेलं पाणी मऊ करणारं मिश्रण घाला. धुण्याचा सोडाही पाणी मऊ करतो, पण कॅल्शियमचा साका पाडून, आणि तो साका कापडावर बसू शकतो. सोडियम सायट्रेट क्षारांना विरघळलेल्या स्थितीतच धरून ठेवतं, म्हणून डायपरसाठी ते उजवं.

"बादलीत भिजत ठेवा."

नको. पाणी भरून ठेवलेली बादली ही आधी बाळासाठी धोका आहे. रांगणारं मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं, आणि ते बुडताना आवाज होत नाही. शिवाय लघवीच्या पाण्यात दिवसभर बसलेल्या कापडात जीवाणू वाढतात, अमोनिया साठतो, आणि इलॅस्टिक व कव्हरचं (डायपरच्या बाहेरच्या आवरणाचं) आतलं जलरोधक अस्तर त्यात भिजत राहतं. वापरलेले डायपर कोरडेच ठेवा, हवा खेळेल अशा जाळीच्या टोपलीत किंवा तोंड उघडं ठेवलेल्या पिशवीत. रात्रीचे तेवढे सकाळी नळाखाली धरून पिळून टाका. दोन दिवसांआड धुणं ठीक, तीन दिवसांपलीकडे ढकलू नका. फक्त आईच्या दुधावरच्या बाळाची शी पाण्यात विरघळते, ती पहिल्या फेरीत निघून जाते. वरचं अन्न सुरू झालं की शी आधी संडासात टाकायची, उरलेली पाण्याच्या फवाऱ्यानं काढायची.

"गरम पाणी नको."

क्रम उलटा झाला तर हे खरं. शी लागलेल्या डायपरवर थेट गरम पाणी ओतलं तर त्यातली प्रथिनं घट्ट होऊन डाग पक्का बसतो. म्हणून पहिली फेरी थंड. दुसरीला मात्र सुती, बांबू आणि हेम्पच्या (भांगेच्या झाडाच्या धाग्याच्या) इन्सर्टसाठी 60 अंश चांगले. कव्हरचं लेबल बघा. 40 लिहिलं असेल तर कव्हरं वेगळी काढून 40 वर धुवा, त्यांना फार मळ नसतोच. इलॅस्टिक ढिलं पडतं ते उकळत्या पाण्यानं, ड्रायरच्या झळीनं आणि गरम असताना ओढल्यानं.

"व्हिनेगर घाला."

मशीनभर पाण्यात पडलेलं वाटीभर व्हिनेगर इतकं पातळ होतं की त्यानं क्षारांचं फारसं काही बिघडत नाही. प्रमाण वाढवाल तर इलॅस्टिक आणि मशीनच्या दाराचं रबर आधी कुरकुरेल. आणि एक गोष्ट कायम ध्यानात असू द्या: व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. लघवीनं भिजलेल्या, न धुतलेल्या डायपरवरही ब्लीच ओतू नका. अमोनियाशी मिळून त्रासदायक वायू होतात. जंतुनाशासाठी ब्लीच वापरायचंच असेल तर धुतलेल्या डायपरवर, थंड पाण्यात, बाटलीवरच्या मापानं, अर्धा तास. मग नेहमीसारखं पूर्ण धुणं.

"उकळा आणि उन्हात टाका."

साधे चौकोनी सुती लंगोट उकळले तर बिघडत नाही. पण जड पाणी उकळलं की त्यातला चुना खाली बसतो (भांड्यातली ती खपली आठवा), आणि भांड्यात कापड असेल तर कापडावर बसतो. म्हणजे ज्या रोगावर हा उपाय सांगितला जातो, तोच वाढतो. कव्हर उकळलं तर अस्तर कापडापासून सुटतं. ते उजेडासमोर धरा: फुगे किंवा सुटून लोंबणारा पातळ पापुद्रा दिसला तर त्या कव्हरचं काम संपलं.

ऊन चांगलंच आहे, डागांसाठी. ओला इन्सर्ट उन्हात टाकला की पिवळा डाग एक-दोन दिवसांत फिका होतो. पण ऊन वरच्या थराला लागतं, घडीच्या आतल्या मळाला नाही. फिका झालेला डाग म्हणजे स्वच्छ डायपर नव्हे, तसंच डाग राहिलेला डायपर घाण असतोच असंही नाही. कव्हरं सावलीत वाळवा. ओलं जड इन्सर्ट आत ठेवून ती इलॅस्टिकवर टांगू नका.

आणि गळती?

निरोपात तिचा सगळा दोष साबणावर टाकलाय. आधी गळलेला डायपर उघडून बघा. इन्सर्ट आरपार ओला असेल तर तो पुरला नाही. एक थर वाढवा किंवा दोन-तीन तासांत बदला. इन्सर्ट अर्धा कोरडा आणि मांडी ओली, तर बसण्यात चूक आहे: पायाचं इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसायला हवं, कव्हरबाहेर सुती कडा डोकावायला नको. ती एवढीशी कडा वातीसारखं पाणी बाहेर ओढते. बाळ कडेवर किंवा बसलेलं असतानाच गळतं, तर तो मायक्रोफायबरचा, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याच्या इन्सर्टचा, स्वभाव. दाबलं की ते पाणी सोडतं, म्हणून त्याच्याखाली सुती किंवा हेम्पचा थर द्या. मायक्रोफायबर थेट त्वचेला लावायचं नाही, ते त्वचेची ओलही ओढून घेतं.

एवढं करूनही संशय उरला तर वाळलेल्या इन्सर्टवर पाण्याचा थेंब सोडा. तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर कापड पाणी झिडकारतंय. नवं सुती किंवा हेम्प असेल तर त्यातलं नैसर्गिक तेल निघायला पाच-सहा धुणी लागतात, थांबा. जुनं असेल तर रॅशचं तेलकट मलम संशयित. भांडी धुण्याचं लिक्विड लावून ब्रशनं घासा, नीट खळबळा आणि पुढच्या वेळी मलमावर पातळ लायनर (त्वचा आणि डायपरमधला कापडाचा थर) ठेवा. पुरळ जांघेच्या घडीत लालभडक, कडेला सुटे ठिपके असलेली असेल तर ती बुरशीची असू शकते. तिथे डायपर बदलून भागत नाही, डॉक्टरांना दाखवा.

सहावी सूचना तेवढी बरोबर आहे. फॅब्रिक कंडिशनर धाग्यावर जो थर देतं, त्यानं शोषण कमी होतं. दोरीवर वाळून फळीसारखे झालेले इन्सर्ट दोन्ही हातांत धरून एकमेकांवर घासले, चार वेळा झटकले की मऊ होतात.