पाय दाखवणारा माणूस

पहिल्यांदा तो पाय दिसला तेव्हा मी हेल्मेटच्या आत एक अस्सल पुणेरी शिवी हासडली होती. कॅलिफोर्नियात सॅराटोगाहून हायवे ९ ने डोंगर चढत होतो. रेडवुडच्या सावलीतला ओलसर रस्ता, वळणामागे वळण, आणि सेकंडहँड बाइक घेऊन मला जेमतेम महिना झालेला. आरशात बराच वेळ एक बीएमडब्ल्यू बाइक दिसत होती. चिकटत नव्हती, हॉर्न नाही, दिवे मारणं नाही. पण ती आहे हे मला कळत होतं. टर्नआउट आला, म्हणजे रस्त्याकडेची बाजूला होण्यापुरती रुंद केलेली पट्टी. मी वेग कमी करून उजवीकडे सरकलो. तो डावीकडून पुढे गेला आणि जाता जाता उजवा पाय फूटरेस्टवरून उचलून माझ्या दिशेने बाहेर काढला. पाय! चुकून कुणाला पाय लागला तर बोटं कपाळाला लावणारी माणसं आपण. वाट दिली, वर हा लाथ दाखवतो?

वर, जिथे हायवे ३५ येऊन मिळतो तिथे, तोच माणूस थर्मासमधून कॉफी ओतत उभा होता. साठीच्या पुढचा असावा. मी विचारलंच. तो हसून म्हणाला, अरे, ते थँक यू होतं. उजवा हात थ्रॉटलवर, तो सोडता येत नाही. इथे ओव्हरटेक डावीकडून होतो, म्हणजे ज्याचे आभार मानायचे तो आपल्या उजव्या अंगाला. मग उरतो पाय.

हे आठवायचं कारण आमचा कॉलेजचा ग्रुप. पावसाळा लागला की तिथे तोच वाद पेटतो. शनिवार-रविवार ताम्हिणीत दुचाक्यांना बंदी घाला, असं एक बाजू म्हणते. हिच्यात बहुतेक सगळे आता कारवाले झालेत. दुसरी बाजू म्हणते, बंदी घालायची तर धबधबा दिसला की रस्त्यातच ब्रेक मारणाऱ्या एसयूव्हीला घाला. मग आमच्यासारखा एखादा परदेशस्थ उगवतो आणि ‘इकडे बघा कशी शिस्त आहे’ म्हणून सगळ्यांच्या शिव्या खातो. हे काम मीही दोन वर्षं इमानेइतबारे केलं. आता वाटतं, मी चुकीची गोष्ट सांगत होतो.

शिस्त इथेही बेताचीच. हायवे ९ वर आणि स्कायलाइनवर, म्हणजे त्या हायवे ३५ वर, जागोजागी दुहेरी पिवळी रेघ आहे, ती ओलांडायची नाही, आणि रविवारी सकाळी ती ओलांडणारी पोरं मी पोटभर पाहिली आहेत. सायरनही ऐकलेत. शिवाय गाड्यांच्या रांगांमधून बाइक काढणं, जे आपण लक्ष्मी रोडवर जन्मजात करतो, ते कॅलिफोर्नियाने २०१६ साली रीतसर कायद्यात लिहून टाकलं. तेव्हा शिस्तीचं राहू द्या.

इथे वेगळं काय असेल तर मागे राहण्याची लाज नसणं. कॅलिफोर्नियात दोनपदरी रस्त्यावर, जिथे ओव्हरटेक करणं धोक्याचं आहे तिथे, तुमच्यामागे पाच किंवा जास्त वाहनं साचली तर पुढच्या टर्नआउटला बाजूला होणं कायद्याने बंधनकारक आहे. सायकलवाल्यालाही. आणि संथ कोण, हे वेगमर्यादेच्या पाटीवरून ठरत नाही. त्या वेळी त्या जागी बाकीचे ज्या वेगाने चाललेत त्यावरून ठरतं. ‘मी लिमिटमध्येच आहे, मी का सरकू’ हा आपला लाडका युक्तिवाद इथे चालत नाही. ओव्हरटेकच्या नियमांची जबाबदारी आपण नेहमी पुढे जाणाऱ्यावर टाकतो. इथे निम्मी पुढे असलेल्यावर आहे.

डिसेंबरात पुण्याला आलो तेव्हा भाच्याबरोबर ताम्हिणीला गेलो. पहाटे चांदणी चौक, पौडला चहा, मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या हाताला लपंडाव खेळत होतं. भाचा पुढे, मी मागे भाड्याच्या बुलेटवर. विळ्याच्या बाजूला उतरताना एका उजव्या वळणावर तो आधीच झुकलेला, आणि एक केटीएम त्याच्या आतल्या बाजूने, रेघ आणि त्याचं हँडल यांच्या मधून घुसली. भाचा दचकला. दचकला की माणूस ब्रेक धरतो, ब्रेक धरला की बाइक सरळ होते, आणि सरळ झालेली बाइक वळणाच्या बाहेर जाते. त्याचं पुढचं चाक कडेच्या खडीत गेलं. पडला नाही, एवढंच. समोरून त्याच क्षणी टेम्पो येत होता. केटीएमवाल्याचं चाक आपल्या बाजूला होतं, पण झुकलेलं डोकं रेघेच्या पलीकडे, टेम्पोच्या बाजूला गेलं होतं. हे त्याला कळलं असेल असं मला वाटत नाही. चाक रेघेच्या आत म्हणजे आपण आत, असाच सगळ्यांचा हिशोब.

थांबल्यावर मी भाच्याला म्हटलं, तो बराच वेळ मागे होता, तू आधीच सोडायचास. पोरगं खवळलं. ‘मामा, त्याला कशाला सोडू? माझी काय बाइक चालत नाही का?’

इथेच सगळं अडलंय. आपल्याकडे कुणी पुढे गेला की आपण हरतो. मग मागचा जीव घालून जागा काढतो आणि पुढचा जीव घालून ती देत नाही. यात बंदी घालून काय साधणार? तीच माणसं वरंध्याला जातील.

आणि सगळं कॅलिफोर्नियाकडूनच शिकायचं असंही नाही. २०१५ साली महाराष्ट्राने ट्रकांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला मनाई केली तेव्हा मी टाळी वाजवली होती. आता तितकासा खूश नाही. ती ओळ गोंगाटाला आमंत्रण देत होती हे खरं, पण तिचा मूळ अर्थ ‘मी तुला बघितलं नसेल, सांग म्हणजे सरकतो’ असाच मी लावतो. कॅलिफोर्नियाचा कायदासुद्धा अरुंद डोंगरी रस्त्यावर, जिथे गाडी पूर्णपणे आपल्या बाजूला मावत नाही आणि वळणापुढचं २०० फुटांपर्यंत दिसत नाही, तिथे हॉर्न वाजवायलाच सांगतो. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा नियम तर अरुंद घाटरस्त्यांसाठी दोन्हीकडे आहे. तो माझ्या आजोबांनाही ठाऊक होता, बैलगाडीवर शिकलेला.

घाटात लोड गाडी रांगत असते, आणि क्लीनरचा हात खिडकीतून बाहेर येतो. पंजा उपडा, खालीवर: थांब, समोरून येतंय. मग तोच हात पुढच्या बाजूला झुलतो: ये आता. हा हात नसता तर कॉलेजच्या वयात खंबाटकीत मी किमान दोनदा संपलो असतो. त्याला धन्यवाद कसे द्यायचे, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही. गंमत म्हणजे आपल्याला पायाची गरजही नाही. आपल्याकडे ओव्हरटेक उजवीकडून, म्हणजे वाट देणारा डाव्या अंगाला, आणि डावा हात क्लचवरून क्षणभर सुटतो. परतीच्या वाटेवर मी एका एसटीला डावा हात केला. ड्रायव्हरने बहुधा मला वेड्यात काढलं. डाव्या हाताने कोण नमस्कार करतं?

ग्रुपवर मी एवढंच सुचवलं की बंदीच्या अर्जाऐवजी घाटात चार ठिकाणी कडेला जागा करून पाटी लावायची मागणी करूया: ‘मागे पाच वाहने असल्यास येथे बाजूला व्हा.’ ‘नजर हटी’च्या पाट्या लावायला पैसे आहेतच की. यावर आमच्यातला एकजण, जो गेली वीस वर्षं कोथरूड सोडून कुठे गेलेला नाही, त्याने तात्काळ लिहिलं: पुढच्या रविवारी त्या जागेवर कणसाची गाडी लागेल.

मी लिहिलं, लागू दे. कणीस खायला तरी थांबतील, मागचे पुढे जातील.

‘मागचे पण कणीस खायला थांबतील,’ तो म्हणाला.