‘निम्म्या खर्चात दुप्पट सुख’ हा हिशेब कुठे चुकतो

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश माझ्याकडे सात-आठ जणांकडून आला. त्यात म्हटले आहे की, मुंबई-पुण्यात हप्ते आणि प्रवास यांत आयुष्य घालवण्यापेक्षा नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठा. तिथे घर निम्म्या किमतीत मिळते, महिन्याचा खर्च निम्म्यावर येतो, ऑफिस दहा मिनिटांवर असते, हवा शुद्ध आणि पाणी मुबलक असते. काम घरून होत असल्याने पगार तोच राहतो, दवाखाने तितकेच चांगले असतात, आणि नाहीच जमले तर परत येण्यापासून कोणी अडवलेले नाही.

मी स्वतः २०१९ च्या जूनमध्ये पत्नी, मुलगी आणि वडील यांच्यासह ठाण्याहून नाशिकला आलो. इंदिरानगरात राहतो आणि परत जाण्याचा विचार आज तरी मनात नाही. त्यामुळे मध्यम शहरांविषयी माझ्या मनात अढी आहे असे कोणी समजू नये. परंतु हा संदेश वाचून माझ्या धाकट्या मावसभावाने डोंबिवलीतले राहते घर विकायला काढले आहे, आणि ज्या हिशेबावर विसंबून तो हे करतो आहे, तो हिशेब जवळजवळ प्रत्येक ओळीत अपुरा आहे, हे मला स्वानुभवाने माहीत आहे. म्हणून हा प्रतिवाद.

‘घर निम्म्या किमतीत आणि खर्चही निम्मा.’ यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. नाशिकच्या चांगल्या वस्तीत दोन शयनगृहांचे घर ज्या भाड्यात मिळते, त्यात ठाण्यात एका शयनगृहाचेही मिळत नाही. पण घरभाडे हा खर्चाचा एक भाग आहे, सगळा खर्च नव्हे. गॅसचे सिलिंडर, मोबाइल, विम्याचे हप्ते, गोडेतेल, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू यांच्या किमती शहर बदलल्याने निम्म्या होत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे शुल्कही अपेक्षेइतके उतरत नाही. प्रवासाचा खर्च तर आमच्या बाबतीत वाढला. ठाण्यात दोघांचे लोकलचे पास काही शे रुपयांत निघत आणि घरात वाहन नव्हते. नाशिकमध्ये पहिल्या वर्षीच दोन दुचाक्या घ्याव्या लागल्या आणि वडिलांना पायऱ्या व रिक्षा झेपेनाशी झाल्यावर मोटार आली. येथील शहर बससेवा महापालिकेने २०२१ च्या जुलैमध्ये सुरू केली, ती उपयोगी आहे, परंतु मुंबईच्या लोकलची जागा ती घेऊ शकत नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी टायरवर धावणारी मेट्रो जाहीर झाली होती. त्या मेट्रोवर भिस्त ठेवून पाथर्डी फाट्याकडे घर घेणारे लोक मला माहीत आहेत. ती अद्याप उभी राहिलेली नाही.

‘पगार तोच राहतो.’ हे विधान ज्या काळात खरे होते, तो काळ ओसरला आहे. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने २०२३ च्या ऑक्टोबरपासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले, आणि अनेक कंपन्यांनी आठवड्यातून दोन-तीन दिवसांची हजेरी बंधनकारक केली. आठवड्यातून तीनदा नाशिकहून मुंबईला जाणे म्हणजे काय, हे पंचवटी एक्सप्रेसच्या पासधारकांना विचारावे. ते सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोडला गाडीत बसतात आणि रात्री घरी पोहोचतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाल्याने कसारा घाट टाळता येतो, हे मान्य; पण आमण्याच्या पुढे भिवंडी आणि ठाण्याची कोंडी तशीच समोर उभी असते.

सरकारी नोकरांच्या बाबतीत तर पगार तोच राहत नाही, हे नियमातच लिहिलेले आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर, म्हणजे २०२४ च्या जानेवारीपासून, केंद्रीय कर्मचाऱ्यांना मुंबई आणि पुणे या ‘एक्स’ वर्गातील शहरांत मूळ वेतनाच्या ३० टक्के घरभाडे भत्ता मिळतो. नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, संभाजीनगर ही शहरे ‘वाय’ वर्गात असल्याने तिथे तो २० टक्के होतो. मूळ वेतन ६०,००० असेल, तर बदली मागून घेणाऱ्याने दरमहा ६,००० रुपये आधीच वजा धरले पाहिजेत.

मात्र या मुद्द्यातली खरी उणीव वेगळीच आहे. संदेशातल्या सगळ्या हिशेबात पगार एकच आहे आणि तो पुरुषाचा आहे. घरातल्या दुसऱ्या नोकरीचे काय होते, याविषयी त्यात एक शब्द नाही.

माझी पत्नी ठाण्यात असताना लोअर परळच्या एका जाहिरात संस्थेत अकरा वर्षे काम करत होती. माझे काम यंत्रांच्या सुट्या भागांच्या गुणवत्ता तपासणीचे. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या औद्योगिक पट्ट्यात अशा कामाला तोटा नाही, त्यामुळे मला दीड महिन्यात नोकरी मिळाली. तिला तिच्या अनुभवाला साजेशी नोकरी आजतागायत मिळालेली नाही, कारण त्या प्रतीचे काम या शहरात जवळपास नाहीच. दोन वर्षे तिने दुरून जमेल तसे काम केले, ते कमी होत गेले, आणि आता ती एका शिकवणी वर्गाचे व्यवस्थापन पाहते. तिचे उत्पन्न पूर्वीच्या निम्म्याहून कमी आहे. घरखर्चात आमची जी बचत झाली, तिच्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे. पैशांत न मोजता येणारे नुकसान त्याहून मोठे आहे, आणि ते तिने सोसले आहे, मी नव्हे. २०१९ मध्ये आम्ही रात्र-रात्र बसून आकडेमोड केली होती, पण त्या वहीत तिच्या नोकरीपुढे मी ‘मिळेल’ एवढाच शब्द लिहिला होता. मध्यम शहरांची अर्थव्यवस्था बहुधा दोन-तीन व्यवसायांवर उभी असते: नाशिकची यंत्रोद्योग, द्राक्षे आणि कांद्यावर, कोल्हापूरची फौंड्री, साखर आणि दुधावर, सोलापूरची कापडावर. ज्याचा व्यवसाय त्यात बसतो त्याला ही शहरे सामावून घेतात. पती-पत्नी दोघांचेही व्यवसाय त्यात बसतील, हा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. एक नोकरी सुटली तर त्याच शहरात दुसरी मिळेल का, हा प्रश्नही त्याच्याच पोटातला आहे.

‘पाणी मुबलक.’ इथे संदेशाची पद्धतच सदोष ठरते. त्यात पाणी नाशिकचे घेतले आहे, घरांच्या किमती सोलापूरच्या, खाणेपिणे कोल्हापूरचे आणि रुंद रस्ते संभाजीनगरच्या सिडकोचे. या सगळ्यांची मिळून बनलेली नगरी नकाशावर नाही. ज्याला जायचे आहे, त्याला एकाच शहरात जावे लागते आणि त्या शहराच्या उणिवांसह जावे लागते. संभाजीनगर जायकवाडीच्या पाण्यावर अवलंबून आहे, आणि धरण भरलेले असतानाही शहरात कित्येक दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव तेथील लोकांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. दोष धरणाचा नसून जुन्या, अपुऱ्या जलवाहिनीचा. उजनी धरण जिल्ह्यातच असूनही सोलापूरकरांची कथा वेगळी नाही. लातूरला तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. कोल्हापूर-सांगलीत चिंता उलट बाजूची असते: २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले, तिथे घर स्वस्त मिळत असेल तर ते का स्वस्त आहे हे शेजाऱ्यांना विचारलेच पाहिजे. नाशिक या बाबतीत भाग्यवान आहे, गंगापूर धरण शहराच्या उशाशी आहे. तरीही जायकवाडीचा साठा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ६५ टक्क्यांच्या खाली राहिला, की गंगापूरसारख्या वरच्या धरणांतून खाली जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा प्रश्न दरवेळी उभा राहतो.

‘हवा शुद्ध.’ राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, संभाजीनगर ही पाचही शहरे होती. याहून जास्त बोलण्याची गरज नाही.

‘ऑफिस दहा मिनिटांवर.’ हा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. शहरात काम असेल तर संध्याकाळ हाती लागते, आणि ती लागते म्हणूनच मी इथे आहे. मुलीला सोमेश्वरच्या धबधब्यावर शाळेच्या दिवशीही नेता येते, हे सुख ठाण्यात मला कधी मिळाले नाही. परंतु कारखान्यातल्या नोकऱ्या आता गोंदे, सिन्नर, दिंडोरीच्या बाजूला अधिक आहेत, आणि तिथे जायला कंपनीच्या बसमध्ये पाऊण-एक तास जातो. द्वारका चौकात संध्याकाळी सहा वाजता उभे राहिलेल्या माणसाला दहा मिनिटांची गोष्ट सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

‘दवाखाने तितकेच चांगले.’ नेहमीच्या आजारांपुरते हे खरे आहे, आणि मिरजेसारखे गाव तर १८९४ पासून, डॉ. वॉन्लेस यांनी तिथे रुग्णालय उभारल्यापासून, उपचारांसाठीच ओळखले जाते. प्रश्न दुर्मीळ आजारांचा आहे. वडिलांना २०२२ मध्ये रक्ताचा असा विकार निघाला, की ज्याचे जाणकार नाशिकमध्ये एक-दोनच होते, आणि त्यांच्या मतात अंतर पडल्यावर तिसरे मत घ्यायला आम्हाला परळच गाठावे लागले. पुढचे चौदा महिने दर तीन आठवड्यांनी पहाटे चारला निघून कसारा घाट उतरणे, दिवसभर रांगेत बसणे आणि रात्री परतणे असे चालले. वडील प्रवासातच अधिक थकत. ज्या घरात वृद्ध किंवा जुनाट आजाराचे माणूस आहे, त्या घराने नेमक्या त्या आजाराचे किती तज्ज्ञ त्या शहरात आहेत हे नावानिशी शोधावे. ‘दवाखाने चांगले आहेत’ या वाक्यावर विसंबू नये.

‘नाही जमले तर परत या.’ मावसभावाला मी सर्वांत आधी हेच सांगितले, की संदेशातली ही ओळ त्याच्यासाठी सर्वांत धोक्याची आहे. डोंबिवलीचे घर विकून नाशिकला घेतले, तर दोन्ही व्यवहारांत दलाली जाते, घेताना मुद्रांक शुल्काचे साधारण सहा-सात टक्के आणि नोंदणीचे ३०,००० रुपयांपर्यंत जातात. तीन-चार वर्षांनी परतावे लागले, तर हे सगळे पुन्हा भरावे लागते, आणि तेही त्या बाजारात, जिथे किमती त्याच्या पुढे निघून गेलेल्या असू शकतात. मुलांच्या शाळा दोनदा बदलतात. नोकरीतला खंड प्रत्येक मुलाखतीत समजावून सांगावा लागतो. परतीची वाट बंद नसते, पण तिचे भाडे जाण्याच्या भाड्याहून कितीतरी अधिक असते.

आम्ही आलो तेव्हा ठाण्याचे एका शयनगृहाचे घर विकले नाही, भाड्याने दिले; हा आग्रह पत्नीचा होता, आणि मी त्यावर बराच वाद घातला होता. वडिलांच्या आजारपणात त्याच घराचे भाडे औषधांना लागले. मावसभावाला मी एवढीच विनंती केली आहे की, अकरा महिन्यांचा करार करून त्याने नाशिकमध्ये एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढावा, त्या काळात त्याच्या बायकोने आपल्या क्षेत्रातल्या नोकरीसाठी प्रत्यक्ष अर्ज करून पाहावेत, आणि तिला काय उत्तरे येतात ते कळेपर्यंत डोंबिवलीच्या घराची जाहिरात मागे घ्यावी. त्याने अजून होकार दिलेला नाही. येत्या रविवारी दोघेही आमच्याकडे येणार आहेत, आणि या वेळी आधी बोलणार आहे ती माझी पत्नी.