वार पडायची वाट बघू नका, चीक आधी पाजा

परवा पहाटे भाच्याचा फोन आला. गाय व्यायली होती, कालवड झाली होती, दोन तास उलटले होते. "मावशी, वार अजून पडली नाही. तोवर चीक पाजायचा नाही ना?" वार म्हणजे वासरामागून गायीच्या गर्भाशयातून पडणारी जार, आणि चीक म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज पाठवला. तोच मेसेज त्याआधी मला तिघांनी पाठवला होता आणि मी न वाचताच सोडून दिला होता. आता वाचला आणि डोकं फिरलं.

मेसेजचं म्हणणं असं: कालवड दूध देत नाही, मग तिच्यावर खर्च कशाला? वार पडल्यावरच चीक पाजा, नाहीतर हगवण लागते. दूध तोडलं की नुसत्या चाऱ्यावर ठेवा, पोट मोठं होतं. खुराकानं चरबी चढते आणि कालवड गाभण राहत नाही. दोन वर्षांची झाली की भरवून, म्हणजे गाभण करून टाका. खनिज मिश्रण म्हणजे कंपन्यांचा धंदा.

चिकाचं आधी बोलते. बाकीच्या चुका कळायला वर्ष जातं, ही चूक मात्र आठवड्याभरात वासरू घेऊन जाते. गायीच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, वारेतून वासरापर्यंत पोचत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून. ती जशीच्या तशी शोषून घ्यायची वासराच्या आतड्याची ताकद तासातासाला घटते आणि 24 तासांत जवळपास संपते. वार पडायला मात्र 12 तासही लागू शकतात, अडकली तर त्याहून जास्त. मेसेज ऐकून थांबलेला माणूस वासराची सगळी चांगली वेळ घालवतो. हगवणीचं तर साफ उलटं आहे: चीक कमी किंवा उशिरा मिळालेली वासरंच हगवणीला जास्त बळी पडतात. शिवाय वासरू कासेला लागलं की गायीच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदतच होते.

वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक, म्हणजे 35 किलोच्या वासराला साडेतीन लिटर, जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर. भाच्याला म्हटलं, आधी तोंडात बोट घालून बघ चोखतंय का. चोखत असेल तर बाटलीनं पाज. नसेल तर घशात ओतू नकोस, फुप्फुसात जाईल, डॉक्टरांना बोलाव. तो म्हणाला, "बोट सोडतच नाहीये." व्हिडिओ कॉलवर पाहिलं, अंग अजून ओलं होतं, पण बाटली लागताच शेपटी हलायला लागली.

आता चारा. नुसत्या चाऱ्यानं पोट मोठं दिसतं, हे खरं. पण ती ढेरी असते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठानं सहा आठवड्यांच्या वासरांच्या कोठीपोटाचे (पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्याचे) फोटो दाखवले आहेत. दूध आणि वाळलं गवत खाल्लेल्या वासराच्या पोटाचं अस्तर जवळजवळ गुळगुळीत आहे. दूध आणि धान्याचा खुराक खाल्लेल्याचं गडद, दाट अंकुरांनी भरलेलं. पोषण शोषलं जातं ते या अंकुरांतून, आणि ते वाढतात धान्य आंबून तयार होणाऱ्या आम्लांमुळे. म्हणून वासरू सलग तीन दिवस किलोभर काफ स्टार्टर (वासरांसाठीचा धान्याचा खुराक) खाईपर्यंत दूध तोडू नये. आणि पहिल्या आठवड्यापासून समोर स्वच्छ पाणी हवं. पाणी नसेल तर वासरू खुराकही कमी खातं.

चरबीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. माजावर यायच्या आधी कालवडीला धान्यानं नुसती फुगवली तर कासेत दूधग्रंथींच्या जागी चरबी वाढते, आणि पहिल्यांदा विणारी लठ्ठ कालवड विताना अडते. पण याचा उपाय म्हणजे उपासमार नव्हे. प्रथिनं पुरेशी द्यायची आणि धान्य बेतानं. अर्धपोटी कालवड माजावरच येत नाही, मग गाभण राहायची गोष्टच दूर.

दोन वर्षांचा नियमही याच कारणानं चुकतो. कालवड माजावर येते ती वजनावर, वयावर नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं दुभत्या जनावरांच्या पोषणावरच्या 2001 च्या आवृत्तीत लक्ष्य दिलं आहे: पूर्ण वाढलेल्या गायीच्या वजनाच्या 55 टक्क्यांवर गाभण, पहिल्यांदा व्याल्यानंतर 82 टक्के. गोठ्यातली मोठी गाय 450 किलोची असेल तर कालवड 250 किलोच्या आसपास भरवायची. जन्माला 35 किलोची कालवड 15 महिन्यांत तिथवर न्यायला रोजची वाढ साधारण 470 ग्रॅम लागते. हे मोजायला काटाही लागत नाही, पुढच्या पायांमागून छातीभोवती फिरवायची वजनाची टेप पुरते.

खनिज मिश्रणाचं थोडक्यात: पुडी कुठल्या कंपनीची हे महत्त्वाचं नाही. पण फॉस्फरस किंवा तांबं कमी पडलं तर वाढ खुंटते आणि माज लांबतो, आणि ती कमतरता नुसत्या वाळल्या चाऱ्यानं भरून निघत नाही. भाच्यानं मेसेज ज्या ग्रुपवर वाचला होता, तिथं हे सगळं मी त्याच्याकडूनच टाकून घेतलं.