‘4.3 सांगून 0.8 दिला’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सादर नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या संगणकाबद्दल आपण दोनदा फोन करूनही दुकानातून उलट फोन आला नाही आणि काउंटरवरच्या मुलाने ‘असंच असतं’ एवढ्यावर आपली बोळवण केली, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. ती चूक आमचीच.

मात्र ‘4.3 गिगाहर्ट्झचा सांगून 0.8 चा प्रोसेसर गळ्यात मारला’ हे आपले वाक्य मला मान्य करता येणार नाही, कारण आमचे दुकान विश्वासावरच चालते आणि हे वाक्य थेट त्यावरच घाव घालते. आपण सोबत लावलेले टास्क मॅनेजरचे (संगणकावर काय चालू आहे ते दाखवणाऱ्या खिडकीचे) छायाचित्र कृपया पुन्हा पाहावे. त्यात वेग 0.80 आहे हे खरे, पण त्याच चौकटीत प्रोसेसरचा वापर 2 टक्के दिसतो आणि खाली मूळ वेग 2.90 असाही स्पष्ट लिहिलेला आहे. त्या क्षणी प्रोसेसरला कामच नव्हते. 4.3 हा कमाल वेग आहे. तो काम अंगावर आल्यावर, मोजक्या कोअरवर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवर) आणि तापमान साथ देईल तोवरच मिळतो.

व्होल्टेज सतत वरखाली होते म्हणून मदरबोर्ड (संगणकातील मुख्य पट्टी) सदोष आहे, असेही आपण लिहिले आहे. ते वरखाली होणे हीच तर विजेची बचत आहे. ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे प्रोसेसरमधील सूक्ष्म स्विचांच्या, उघडझापीला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. नुसता वेग निम्मा केला तर दर सेकंदाचा खर्च निम्मा होतो, पण तेच काम संपायला दुप्पट वेळ लागत असल्याने त्या कामापुरते हाती काहीच उरत नाही. खरी बचत होते ती व्होल्टेज उतरवल्यावर. वेग निम्मा करून व्होल्टेज 1.2 वरून 0.8 वर आणले, तर उघडझापीचा खर्च सुमारे 22 टक्क्यांवर येतो. कमी व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर मंदावतात, म्हणून उतरताना आधी वेग उतरतो आणि मग व्होल्टेज; चढताना आधी व्होल्टेज चढते. हा क्रम उलटला तर संगणक कामाच्या मध्येच अडकून बसेल. इंटेलने 2000 साली लॅपटॉपच्या पेंटियम थ्री प्रोसेसरमध्ये वेग आणि व्होल्टेज बदलणारे स्पीडस्टेप आणले, तेव्हा दोनच पायऱ्या होत्या, एक वीज जोडलेली असतानाची आणि एक बॅटरीवरची. आज कितीतरी पायऱ्या आहेत, आणि प्रोसेसर स्वतःच सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास पायरी बदलतो.

पंख्याच्या आवाजाबद्दल लिहिताना आपण एक गोष्ट वगळली आहे, आणि मला सर्वात जास्त तीच लागली. 0.8 दिसू नये म्हणून पॉवर प्लॅनमधील (संगणकाच्या वीजवापराच्या सेटिंगमधील) प्रोसेसरच्या वेगाची किमान मर्यादा 5 वरून 100 टक्के आपणच केली होती. त्यामुळे वेग आणि व्होल्टेज दोन्ही वर अडकून राहिले, आणि साधे पत्र टंकित करतानाही पंखा घोंघावू लागला. आपण संगणक दुकानात आणलात तेव्हा मी स्वतः ती मर्यादा पूर्ववत केली, आपल्यासमोर एक व्हिडिओ रूपांतरित करायला लावला, आणि सहाही कोअर 4.0 वर गेलेले आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले. पंखाही नंतर शांत झाला. त्याच रात्री आपला हा अभिप्राय आला. आपल्याला शंका उरली होती, तर तिथेच विचारायला हवी होती. मी आणखी तासभर बसलो असतो.

यापुढे संगणक सुपूर्द करताना वेगाबद्दल थोडे समजावून सांगण्याचा आणि फोनची नोंद ठेवण्याचा आमचा प्रयत्न राहील. आपण कधीही या, हीच चाचणी पुन्हा करून दाखवतो. निदान ‘फसवणूक’ हा शब्द तरी मागे घ्यावा, ही नम्र विनंती.

आपला,
दुकानमालक