बर्न-जोन्स यांची पूर्वरेखाटने आणि ‘तीन खुणां’चा दावा

व्हिक्टोरियन चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स (१८३३–१८९८) यांच्या नावाने विक्रीस येणाऱ्या पूर्वरेखाटनांबाबत, म्हणजे चित्र रंगवण्याआधी तयारीसाठी केलेल्या रेखाटनांबाबत, एक सल्ला बराच फिरतो आहे. कागद त्या काळातला असावा, कोपऱ्यात ‘ईबीजे’ ही आद्याक्षरे व साल असावे आणि रेखाटन पूर्ण चित्राशी तंतोतंत जुळावे. एवढे जमले की रेखाटन अस्सल आणि सालही खरे. यातली एकही खूण टाकाऊ नाही, परंतु तिन्हींमधून जे सिद्ध होते असे सांगितले जाते, ते सिद्ध होत नाही.

कागदात व्हॉटमन या इंग्लिश कागद-उत्पादकाचा साल असलेला वॉटरमार्क, म्हणजे कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणारी खूण, आढळला, तर रेखाटन त्या सालाआधीचे नाही एवढेच ठरते. ते किती नंतरचे आहे, हे कागद सांगत नाही. एरिक हेबॉर्न हा इंग्रज नक्कलकार जुन्या कागदावरच जुन्या चित्रकारांची रेखाटने बनवीत असे. १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतील एका अभिरक्षकाला दिसले, की दोन वेगळ्या चित्रकारांच्या नावावरची दोन रेखाटने, एक आपल्या संग्रहातले आणि दुसरे न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीतले, एकाच प्रकारच्या कागदावर आहेत. तिथून संशय सुरू झाला. कागदाची साक्ष अशी बनावट उघडी पाडायला उपयोगी पडते, अस्सलपणाची हमी द्यायला नव्हे.

आद्याक्षरांबद्दल फार लिहायला नको. जी रेखाटने कामापुरती केलेली असतात त्यांवर सही असतेच असे नाही, आणि दोन-तीन अक्षरे मागाहून घालणे कोणालाही जमते.

तंतोतंत जुळणीचा मुद्दा मात्र उलटाच आहे. ‘द गोल्डन स्टेअर्स’ या चित्रात अठरा तरुणी जिना उतरताना दिसतात. त्यांच्या शरीरांसाठी बहुतांशी अँटोनिया कायव्हा ही एकच मॉडेल होती, तर चेहऱ्यांसाठी बर्न-जोन्स यांचे मित्र विल्यम मॉरिस यांची मुलगी मे, बर्न-जोन्स यांची स्वतःची मुलगी मार्गारेट अशा ओळखीच्या मुली होत्या. या पद्धतीत शरीर, चेहरा, वस्त्रांच्या चुण्या यांचा अभ्यास वेगवेगळा होतो आणि कॅनव्हासवर जाईपर्यंत मान वळते, हात सरकतो, चुणी बदलते. म्हणून चेहऱ्यापासून पदरापर्यंत सगळे पूर्ण चित्राबरहुकूम असलेला एकच कागद समोर आला, तर तो अंतिम चित्र पाहून केलेली नक्कल तर नाही ना, हे माझ्या मते आधी विचारावे. शिवाय छायाचित्रकार फ्रेडरिक हॉलियर यांनी बर्न-जोन्स यांच्या रेखाटनांची छायाचित्रे प्लॅटिनम कागदावर इतकी हुबेहूब छापली, की ती मूळ रेखाटने समजली गेली आहेत. भिंगाखाली पाहिल्यास त्यांत कागदावर बसलेले खडूचे कण किंवा पेन्सिलची चकाकी आढळत नाही.

सालाचेही तसेच. ‘द गोल्डन स्टेअर्स’ १८८० मध्ये पूर्ण झाले म्हणून त्याचे प्रत्येक रेखाटन १८८० चे मानणे चूक आहे. मूळ कल्पना १८७२ ची आणि कॅनव्हासवरील काम १८७६ पासूनचे. ‘ब्रायर रोझ’ या निद्रिस्त राजकन्येच्या परीकथेवरील चित्रमालिकेचा विषय तर १८६० च्या दशकातील टाइल्सपासून १८९० मध्ये मांडलेल्या मोठ्या चित्रांपर्यंत पुनःपुन्हा येतो. १८६० च्या दशकातील लाल खडू, १८७१ च्या इटलीवारीनंतरची बारीक पेन्सिल, १८९० च्या दशकातले रंगीत कागदावरील सोनेरी काम यांवरून अंदाज बांधता येतो. पण केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातील त्यांच्या हिशेबवह्या पाहिल्याशिवाय, निदान रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी केलेल्या रेखाटनांचे तरी, साल लिहू नये.

राहिला घराण्याचा हवाला. बर्न-जोन्स यांच्या पत्नी जॉर्जियाना या मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या सख्ख्या मावशी होत्या, त्यामुळे एखादे रेखाटन ‘मुंबईच्या जुन्या घरातून आले’ असे कोणी सांगितले तर ते पटकन पटू शकते. नाते खरे असले तरी तो कागद कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद हवीच, आणि जुलै १८९८ मध्ये ख्रिस्टीज या लिलावसंस्थेने केलेल्या त्यांच्या स्टुडिओच्या लिलावाच्या यादीत नुसते ‘स्त्रीच्या मस्तकाचा अभ्यास’ एवढे सापडले, तर तसे वर्णन कितीतरी कागदांना लागू पडते.