कणकेची पोती आणि दोन शौचालये

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा पवनी तालुक्यातील एका गावच्या शाळेत आसऱ्याला आलेल्या सुमारे ३०० लोकांसाठी आम्ही टेम्पोभर कणीक, जुने कपडे आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊन गेलो होतो. धानाच्या पट्ट्यातील भात खाणारी माणसे, त्यांचे तवे-पोळपाट पुरात गेलेले, आणि आम्ही मोठ्या समाधानाने कणीक वाटत होतो. एका आजींनी बाटली परत केली. ‘पानी पेलं का जा लागते बाबू, अन् जाचं कोठं?’ शाळेत शौचालये दोन होती.

सेवेला प्रशिक्षण कशाला, कळकळ असली की पुरे, असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या दिवसापर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो. पुढे एका प्रशिक्षणात, आपत्तीतील मदतकार्यासाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची किमान मानके शिकलो. सुरुवातीला ५० माणसांमागे एक शौचालय, शक्य तितक्या लवकर २० माणसांमागे एक, स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट, आणि माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी. त्या शाळेला हा हिशेब लावला तर लगेच सहा आणि पुढे पंधरा शौचालये, शिवाय रोज साडेचार हजार लिटर पाणी, म्हणजे जवळपास एक टँकर लागत होता. आमच्या टेम्पोत यांपैकी काहीच नव्हते.

मात्र ते प्रशिक्षणही माझ्या मनासारखे नव्हते. शहरातील हॉटेल, इंग्रजी स्लाइड, शुल्क असे की आशाताईंच्या मानधनातून ते निघणे कठीण, आणि निम्मा वेळ देणगीदारांना अहवाल कसा लिहावा यावर गेला. माझ्यासोबत आलेल्या अंगणवाडीताई दोन दिवस गप्प बसल्या. चहाच्या वेळी मात्र, गावात कोणती बाई आठव्या महिन्यात आहे आणि कोणाचे वडील खाटेवरून उठू शकत नाहीत, हे त्यांनी मला घराघरानिशी सांगितले. सभागृहात याच माहितीला ‘जोखमीच्या घटकांचे मॅपिंग’ म्हणत होते.

विदर्भात प्रशिक्षणाची परंपरा नाही असे नव्हे. पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेलेली संस्था आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देण्यासाठीच १९५७ मध्ये नागपुरात स्थापन झाली. पण ३० जुलै १९९१ रोजी नागपूर जिल्ह्यातील मोवाडमध्ये वर्धा नदीच्या पुराने २०० हून अधिक माणसे नेली, तशा पुरात बाहेरचे पथक पोहोचेपर्यंतचे तास गावकऱ्यांच्याच हातात असतात. म्हणून पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई आणि अंगणवाडीताई यांना, मृग लागण्यापूर्वी, मराठीतून, बुडालेल्या रोजीचा मोबदला देऊन, त्यांच्याच गावात शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. प्रमाणपत्र नंतर मिळाले तरी चालेल.

येत्या मे महिन्यात आम्ही नदीकाठच्या चार गावांत असा सराव ठरवला आहे. खड्ड्याची शौचालये कुठे खणायची, चूल कुठे मांडायची, हे त्या-त्या शाळेच्या आवारातच ठरेल. पहिला प्रश्न अंगणवाडीताईंनीच सुचवला आहे: रात्री पाणी चढले तर शाळेची किल्ली कोणाकडे असते?